तुआरेग तलवार (ताकूबा): पात्याचं वय आणि मुठीचं वय वेगळं असतं का?

ल्योंकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फ्रान्समध्ये ल्योंला असतो. इथे रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त घासाघीस करताना कुणी आवाज चढवत नाही. तिथे एक सरळ, दुधारी तलवार दिसली. विकणारा म्हणाला, सहारातल्या तुआरेग लोकांची ताकूबा आहे, सतराव्या शतकातली, आणि पातं बहुधा युरोपातून धर्मयुद्धाला (क्रूसेडला) गेलेल्या कुणा सरदाराचं. धर्मयुद्धं आणि सतरावं शतक यांत तीन-चारशे वर्षांची फट आहे, पण तो एका श्वासात दोन्ही बोलून गेला. मी मान डोलावली आणि पैसे दिले.

मापं: एकूण लांबी ९७ सेंमी, पातं ८२ सेंमी, मुठीपाशी रुंदी ४.१ सेंमी. वजन ७४० ग्रॅम. टोक अणकुचीदार नाही, चमच्यासारखं गोलसर. पात्याच्या मधोमध तीन अरुंद पन्हळी. दोन्ही बाजूंना मुठीजवळ पाठीला पाठ लावलेल्या दोन चंद्रकोरी, कोरींना नाकडोळे. मुठीखाली आडवा, चपटा डबा असावा तसा भाग, त्यावर गडद लाल चामडं. वर थरथरांची पितळी टोपी. म्यान चामड्याचं, त्यात हिरवे तुकडे, खांद्यावर अडकवायचा पट्टा.

प्रश्न एकच: ही नक्की कधीची?

---

चिंधीबाजार

किती युरो मोजले ते आधी सांगा, त्यावरून आम्ही तारीख सांगतो.

---

ल्योंकर

@चिंधीबाजार, बायको हा धागा वाचते. पुढचा प्रश्न विचारा.

---

सांडशी

तलवारीला एकच तारीख नसते, ताकूबाला तर नसतेच. निदान तीन तारखा धरून चाला: पात्याची, आतल्या लोखंडी सांगाड्याची, आणि वरच्या चामड्या-पितळेची. पातं आजोबाचं, मूठ बापाची, म्यान गेल्या दुष्काळानंतरचं, असा संसार असतो. कारण साधं आहे. चांगलं पातं पिढ्यानपिढ्या टिकतं, चामडं वाळवंटात तडकतं. ते फाटलं की तुआरेगांचे लोहार, ज्यांना इनादन म्हणतात, नवं चढवतात. त्यात फसवणूक काही नाही. आपण देवघराला नवा रंग देतो तसंच.

विकणाऱ्यांचं सगळं भांडवल त्या चंद्रकोरींवर असतं. मी त्या सर्वांत शेवटी बघतो. माझी नोकरी फोर्जिंगमधली आहे, त्यामुळे माझी नजर आधी जाडीवर जाते. पुढचं कळवा:

व्हर्नियरने पात्याची जाडी मुठीपाशी, मध्यावर आणि टोकापासून पाच सेंमीवर. तिन्ही पन्हळी सरळ आहेत की डुलतात? दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी संपतात का? आडव्या डब्याच्या तोंडाशी चामडं झिजलं असेल तर आत काय दिसतं? चंद्रकोरींचा फोटो तिरक्या उजेडात घ्या, फ्लॅश नको.

आणि पातं वाकवून बघू नका. "खरं पोलाद परत सरळ होतं" हे वाचून लोक जुनी पाती गुडघ्यावर घेतात.

---

कानोकाका

धागा बघून राहवलं नाही. ऐंशीच्या दशकात मी उत्तर नायजेरियात कानोला कापडगिरणीत होतो. तिथले हौसा लोक तलवारीला 'ताकोबी' म्हणतात, तुआरेग 'ताकूबा'. शब्द एकच, वस्तूही बरीचशी एकच. म्हणून पहिली सूचना: 'तुआरेग तलवार' म्हणून बाजारात येणाऱ्या सगळ्याच तुआरेगांच्या कमरेवरून आलेल्या नसतात. (कमरेवरूनही नाही म्हणा, ते खांद्यावर लटकवतात.) हौसा, फुलानी, नुपे, सगळे हीच जातकुळी वापरत. मुठीची टोपी, चामड्याचं काम आणि म्यान यांवरून मुलूख ओळखायचा. हिरवं चामडं आणि लाल मूठ म्हटल्यावर माझा पहिला कौल आगादेझच्या बाजूला, म्हणजे आजच्या नायजर देशात. पण फोटो बघितल्याशिवाय शब्द देत नाही.

आता पाती कुठून येत. भूमध्य समुद्रावरच्या त्रिपोलीहून उंटांचे तांडे घदामेस, घात, आगादेझ करत कानोला पोचत. हाइनरिश बार्ट हा जर्मन प्रवासी १८५१ मध्ये कानोत होता. त्याने तिथल्या व्यापाराचा अगदी वाण्यासारखा हिशेब मांडलाय. वर्षाला सुमारे ५०,००० तलवारीची पाती येतात, ती जर्मनीतल्या सोलिंगेनची, आणि कानोत मुठी बसवून आजूबाजूच्या राज्यांत जातात, असा त्याचा अंदाज. आकडा थोडा फुगलेला धरला तरी एक गोष्ट कळते. युरोपीय पातं दिसलं की लगेच धर्मयुद्धात जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात ती घाऊक मालासारखी येत होती, कागद आणि आरशांबरोबर.

हा रस्ता आटला कधी? १९०३ साली इंग्रजांनी कानो आणि सोकोतो घेतलं. १९१२ पर्यंत समुद्रकिनाऱ्याकडून कानोला रेल्वे आली. मग उंटावरून वाळवंट तुडवत माल आणायचं कारणच उरलं नाही.

आणि एक गंमत. कुर्मी बाजाराजवळ मी लोहार बघितले आहेत, त्यांना 'मकेरी' म्हणतात. एकाच्या भट्टीशेजारी ट्रकच्या कमानीचे पाटे रचून ठेवलेले. त्याने पाटा तापवला, घणाने लांबवला आणि संध्याकाळपर्यंत तलवारीचा आकार आणला. दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन त्यावर चंद्रकोर कोरत बसला होता. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, चंद्र नसेल तर गिऱ्हाईक घेत नाही. हे काम ईदच्या 'दरबार'साठी चाललेलं. दरबार म्हणजे अमीरासमोर घोडेस्वारांची मिरवणूक. हो, शब्द आपलाच, इंग्रजांनी हिंदुस्थानातून तिकडे नेलेला.

---

वाचनमात्र७

कानोकाका, वेगळा धागा काढाच! वाचनखूण साठवली आहे.

---

फिरंगोजी

आमच्याकडे आजोळहून आलेली एक फिरंग आहे, त्यामुळे हा विषय जवळचा. फिरंग म्हणजे तीच गोष्ट, फक्त समुद्रमार्गे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि इतरांनी युरोपीय पाती कोकण किनाऱ्यावर उतरवली आणि आपल्या लोकांनी त्यांना इथल्या मुठी चढवल्या. 'अलेमानी' हे तलवारीचं नावसुद्धा जर्मन मुलखावरूनच आलेलं. तिथेही घोळ तोच. पात्यावरचा ठसा विलायती, पण तो खरा, नकली की नंतर कोरलेला, यावर जाणकारांची डोकी फुटतात. इटलीतल्या जेनोव्हाच्या कोयतीसारख्या खुणेच्या नकला तर आपल्याकडच्या लोहारांनीही भरपूर केल्या.

तीन पन्हळी ही युरोपीय पात्यांची जुनी तऱ्हा आहे, सतराव्या शतकातही मिळते. म्हणून विकणारा अगदीच थापाड्या ठरत नाही. धर्मयुद्धाचं सोडा, पण सतराव्या शतकाला मी दार बंद करणार नाही.

---

सांडशी

@फिरंगोजी, दार उघडं ठेवा, पण पाहुणा येईलच असं नाही. तीन पन्हळींची तऱ्हा जुनी, हे खरं. पण सोलिंगेनवाल्यांना वाळवंटातल्या गिऱ्हाइकाची आवड कळली तेव्हा त्यांनी तीच तऱ्हा एकोणिसाव्या शतकातही काढली. पैठणीवर मोर आहे म्हणून ती पेशवाईतली ठरत नाही.

---

ल्योंकर

मोजमापं घेतली. व्हर्नियर शेजारच्या सुताराचा.

जाडी: मुठीपाशी ४.६ मिमी, मध्यावर ३.१, टोकाजवळ १.९.
पन्हळी: पट्टी लावून पाहिली, दोरा धरल्यासारख्या सरळ आहेत. तिन्ही दोन्ही बाजूंना एकाच रेषेत संपतात, फार तर एक मिलिमीटरचा फरक. मुठीकडे मात्र संपत नाहीत, तशाच आत डब्यात शिरतात.
आडव्या डब्याच्या एका कोपऱ्यात चामडं फाटलंय. टॉर्च मारल्यावर लोखंडी पत्रा दिसतो, जोडावर तांबूस रेघ आहे. पात्याला लागूनच एक गोल टेंगूळ हाताला लागतं, चामड्याखाली.
चंद्रकोरींचे फोटो वर चढवलेत.

---

सांडशी

वा. आता बोलता येईल.

जाडी ४.६ वरून १.९ पर्यंत एका लयीत उतरते. पाट्यापासून हाताने घडवलेल्या पात्यात इतकी नेमकी उतार सहसा मिळत नाही. ते एक तर शेवटपर्यंत जाड राहतं, नाही तर मध्येच दबलेलं असतं. पन्हळींचंही तसंच. स्थानिक लोहार पन्हळ खरवडून किंवा छिन्नीने काढतो. ती जराशी पोटात वळते आणि दोन बाजूंची टोकं जुळत नाहीत. तुमची जुळतात. मी हे पातं युरोपीय कारखान्यातलं धरतो.

आता चंद्रकोरी, आणि इथे गंमत आहे. फोटो मोठा करून बघा. युरोपीय ठसा एका घावात उठतो: रेघेची खोली सगळीकडे सारखी, कडेला धातू किंचित उसळलेला, दोन्ही बाजूंचे चंद्र जुळे भाऊ. तुमच्या चंद्राची पाठ म्हणजे ओळीने मारलेले अकरा-बारा छोटे छिन्नीचे घाव आहेत. एका बाजूच्या चंद्राला ओठ आहेत, दुसऱ्याला नाहीत. एकाचं नाक तर भलतंच सरळ. हे हाताने कोरलेलं आहे.

म्हणजे पातं खरं, ठसा नकली. असं जोडपं ताकूबात नवं नाही. कारखान्यातून कोरं पातं आलं आणि इकडे कुणीतरी त्यावर चंद्र चढवला. कानोकाकांच्या लोहाराने सांगितलंच आहे, चंद्राशिवाय गिऱ्हाईक हलत नाही.

कोरीवकाम जुनं असावं. रेघांच्या कडा घासून गोल झाल्यात आणि खाचेतला रंग आजूबाजूच्या पात्यासारखाच काळपट आहे. कालपरवा कोरलेली खाच आतून उजळ दिसते.

---

फिरंगोजी

मान्य, ठशावर मी हरलो. पण मग पात्याचं वय कशावरून ठरवणार?

---

सांडशी

खालची मर्यादा आणि वरची मर्यादा, इतकंच. अशा आकाराची, तीन पन्हळींची व्यापारी पाती एकोणिसाव्या शतकात खंडीने आली आणि विसाव्याच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तो ओघ आटला. मी "एकोणिसावं शतक" लिहीन आणि पेन खाली ठेवीन. सतरावं म्हणायला मला काहीतरी जादा पुरावा लागेल. 'असू शकतं' हा पुरावा नव्हे.

त्या टेंगळाबद्दल: ते रिव्हेटचं डोकं असावं. व्यापारी पात्याची मुठीत शिरणारी शेपटी आखूड असायची किंवा मोडायची. मग लोहार दोन पट्ट्यांमध्ये पातं धरून रिव्हेट मारतो आणि नवी शेपटी काढतो. आपल्या फिरंगेला पात्याच्या बुडाशी आधाराच्या लोखंडी पट्ट्या रिव्हेटने बसवतात ना, त्याचीच वाळवंटी चुलत बहीण. तांबूस रेघ म्हणजे तांब्याचा डाख. डबा एका लोखंडातून घडवलेला नसतो, पत्र्याचे तुकडे डाख लावून जोडलेले असतात. तांब्याचा डाख ही जुनी रीत आहे, चांगलं लक्षण. जोडावर गॅस वेल्डिंगची मणीमाळ दिसली असती तर मी दुसरंच बोललो असतो.

---

लोहकमळ

मग चामडं जरा उसवून बघा ना. एकदाचा निकाल लागेल. नंतर कुणीही चांभार शिवून देईल.

---

सांडशी

अजिबात नाही. ते चामडं ओलं असताना ताणून चढवलेलं असतं. एकदा उसवलं की त्याच मापात परत बसत नाही. शिवाय आतली तारीख शोधताना बाहेरची तारीख तुम्ही स्वतःच पुसून टाकता. पाहिजे तर दंतवैद्याचा आरसा घ्या आणि फाटक्या कोपऱ्यातून बघा.

---

कानोकाका

चामड्याला हात लावू नका, याला माझाही दुजोरा. त्यांच्यात त्याला अर्थ आहे. तुआरेग खानदानी माणूस उघड्या लोखंडाला हात लावायचं टाळतो असं सांगतात, म्हणून मूठ आणि तो आडवा डबा चामड्याने मढवलेला. लोखंडाशी रोज झुंजणारे इनादन मात्र वेगळे. त्यांच्याबद्दल बाकीच्यांना थोडी भीतीही असते, आणि आपसात बोलायला त्यांची स्वतःची गुप्त बोली आहे, तेनेत म्हणतात.

पण चामड्याच्या वयाबाबत फार आशा ठेवू नका. १९६८ ते १९७४ च्या दुष्काळात साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, जनावरं मेली, ऐंशीच्या दशकात पुन्हा तेच. मी कानोत असताना उत्तरेकडून आलेली तुआरेग कुटुंबं शहराच्या कडेला दिसायची. कुणी चौकीदारी करायचे, कुणी दागिने विकायचे, कुणी तलवारी. गोऱ्या गिऱ्हाइकाला फाटकी मूठ आवडत नाही, म्हणून लोहाराकडून नवं चामडं चढवून मग विकायची. त्या काळात युरोपात गेलेल्या पुष्कळ तलवारींचं चामडं विक्रीच्याच वर्षाचं असतं.

ल्योंकर, दोन गोष्टी बघाल का? टोपीच्या थरांत पितळ, तांबं, लोखंड याशिवाय एखादा पांढुरका, हलका थर आहे का? आणि म्यानाच्या पाठीमागची शिवण भिंगाखाली धरा.

---

ल्योंकर

काका, तुम्ही ज्योतिषी आहात काय? टोपीत पितळेच्या दोन थरांमध्ये एक पांढरी चकती आहे. मी चांदी समजून खूश झालो होतो. नखाने ओरखडा उठतो.

शिवण: जवळजवळ सगळी शिवण चामड्याच्या वादीची आहे. पण खालच्या टोकाकडे वीतभर भाग वेगळ्या धाग्याने शिवलाय. धागा चकचकीत, सगळीकडे सारख्या जाडीचा, मासेमारीच्या दोऱ्यासारखा.

---

चिंधीबाजार

नखाने ओरखडा उठणारी चांदी! युरो किती ते आता तरी सांगा.

---

सांडशी

ती चकती अॅल्युमिनियमची. १८८६ साली विजेने अॅल्युमिनियम काढायची रीत सापडली तोवर ते चांदीच्या तोऱ्यात वावरायचं. आगादेझच्या लोहाराच्या पेटीत भंगार म्हणून पोचायला आणखी काही दशकं लागली. म्हणजे टोपी जोडली, निदान शेवटची उघडून बसवली, ती विसाव्या शतकात. वीतभर नायलॉन आणखी अलीकडचा. तो १९३० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला, तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच. पण ती दुरुस्ती आहे, म्हणून म्यानच तेव्हाचं असं म्हणू नका. वादीची शिवण त्याआधीची आहे.

अशीच एक खूण कमानपाट्याच्या पात्यांना लावतात. सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या गाड्या अल्जीरियातल्या तुगुर्तहून निघून सहाराच्या दक्षिण टोकाच्या तिंबक्तूला पोचल्या ७ जानेवारी १९२३ ला. मोटारीने सहारा ओलांडायची ती पहिली वेळ. कमानपाट्यातून घडवलेलं पातं कुणी १८८० चं म्हणून विकत असेल तर त्याला विचारा, ट्रक कुठला होता?

---

वाचनमात्र७

एक भाबडा प्रश्न. म्हणजे ही तलवार आता 'खरी' की 'खोटी'?

---

कानोकाका

खरी. खोटी असते ती पत्र्याची, धार न लावलेली, विमानतळावर मिळते ती. ही कुणीतरी वापरली, मोडली, दुरुस्त केली, पुन्हा वापरली. १९१६-१७ मध्ये तुआरेग बंडाचा पुढारी काओसेन याने आगादेझच्या फ्रेंच ठाण्याला वेढा घातला तेव्हा बंदुका होत्याच, पण तलवारी कुणी घरी ठेवून आले नव्हते. नंतर लढायचं संपलं तरी लग्नात, उंटांच्या शर्यतीत पुरुषाच्या खांद्यावर ती असायचीच. म्हणून मूठ नवी होत राहिली.

---

ल्योंकर

सगळ्यांचे आभार. आता एक शेवटचा शोध, आणि हा माझा मी लावलाय.

तलवार म्यानात घातली की खुळखुळते. इतके दिवस वाटायचं, चामडं सैल झालं असेल. काल म्यानाचं तोंड मोजलं, आतून ५.३ सेंमी. पातं ४.१. सव्वा सेंमीची पोकळी झिजून होत नाही. मग म्यान उलटं करून हलवलं तर जेवणाच्या टेबलावर चमचाभर वाळू पडली, बारीक, पिवळट गुलाबी. बायकोने ती केशराच्या रिकाम्या डबीत भरून ठेवलीय.

म्हणजे म्यान दुसऱ्याच तलवारीचं आहे ना?

---

सांडशी

शंभर टक्के. म्यान पात्यावर बेतून करतात. तुमच्याकडे एका तलवारीचं पातं, दुसरीचं म्यान, मधे तिसऱ्या काळातली टोपी आणि वर नायलॉनची दुरुस्ती आहे. तीन तारखा म्हणालो होतो, चार झाल्या.

---

कानोकाका

आणि कुठेतरी एक पाच सेंमी रुंद पातं चार सेंमीच्या म्यानाशी झटापट करत असेल.

---

चिंधीबाजार

पुढच्या रविवारी त्याच दुकानात बघा. त्याने दोन्ही एकत्रच आणल्या असतील आणि घाईत म्यानं बदलली असतील.

---

ल्योंकर

@चिंधीबाजार, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या टेबलाखाली गोधडीत गुंडाळलेलं आणखी एक काहीतरी लांब होतं खरं. रविवारी व्हर्नियर घेऊन जातो. बायकोला सांगितलंय, फक्त मोजायला.